सतरा किलोमीटरवरची लाल पट्टी

मंदे, परवा तुझ्या शोकसभेत मी खोटं बोलले. माईक हातात घेऊन, हार घातलेल्या तुझ्या फोटोशेजारी उभी राहून, चांगलं खणखणीत खोटं बोलले. बायकांनी पदरानं डोळे पुसले. तुझ्या कॉलेजचे प्राचार्य जवळ येऊन हात जोडून म्हणाले, "मॅडम, फार मनापासून बोललात." धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. मे महिन्यात अकोल्याच्या जमिनीला एवढ्या भेगा पडलेल्या असतात, पण एकीनंही मला घेतलं नाही.

तू मागच्या रांगेत बसलेली असतीस तर तिथूनच ओरडली असतीस, "काय व शोभे, थापा कायले मारून राहिली?" तू नव्हतीस म्हणूनच मी इतकं न अडखळता बोलू शकले.

स्टेजच्या मागे मोठा फ्लेक्स लावला होता. एका बाजूला तुझा तो हिरव्या साडीतला फोटो आणि दुसऱ्या बाजूला आपलं चित्र. तेच, उपग्रहाच्या आकड्यांवरून काढलेलं. खाली निळं, वर हिरवं-पिवळं, आणि सतरा किलोमीटरच्या उंचीवर आडवी, जाडजूड लाल पट्टी. फ्लेक्सवाल्यानं ती आणखी भडक छापली होती, लग्नातल्या शालूसारखी. खाली लिहिलं होतं, 'वऱ्हाडच्या आकाशातील लहरींचा शोध घेणाऱ्या'. एक सर तुला ओझोनच्या थोर संशोधक म्हणाले. ओझोनशी तुझं काय देणंघेणं, पण बिचारे तळमळीनं बोलत होते, तेव्हा मी मान हलवली. मग माझं नाव पुकारलं, 'जिवाभावाची मैत्रीण आणि संशोधनातली जोडीदार, खास अमरावतीहून'. मी उठले आणि त्या लाल पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले की ही पट्टी म्हणजे मंदाचं आयुष्यभराचं काम, मंदा गेली पण ही पट्टी आपल्याकडे ठेवून गेली.

आणि मला माहीत होतं, मंदे, की त्या पट्टीत लहर नाही. ती पट्टी आकाशात कुठंच नाही. ती माझ्या प्रोग्रामनं पाडलेली आहे. हे मला दिवाळीपासून माहीत होतं आणि तू जिवंत असताना मी तुला ते सांगितलं नाही. आता सांगायला बसले आहे, म्हणजे किती शहाणी बघ.

आपण दोघी एम.एस्सी.ला अमरावतीच्या होस्टेलवर एका खोलीत पडलो तेव्हापासूनची ही गोष्ट. तू अकोल्याकडची, माळ्याची पोर. घरी वांगी, पालक, शेवंती, झेंडू. पहिल्याच दिवशी पिशवीभर वांगी घेऊन आलीस आणि मेसच्या बाईपुढं ओतून म्हणालीस, "मावशी, याची भाजी करा. तुमची थे डाळ मी नाई खाऊन राहिली." मी अचलपूरच्या एका मास्तरांची मुलगी. मोठ्या माणसाशी असं बोलता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं आता ही बाई आपल्याला हाकलते. तर तिनं वांगी उचलली, त्यातलं एक किडकं निघालं ते तुला परत केलं, आणि त्या दिवसापासून तुला वाढताना तिचा हात कायम सैल राहिला.

मग मी पीएच.डी.ला पुण्याला गेले आणि आपलं 'मले-तुले' तिकडेच कुठंतरी ठेवून आले. परत आल्यावर पहिल्या भेटीत मी "मला असं वाटतं की" अशी सुरुवात केली, तर तू पोट धरून हसलीस. "आली मोठी पुण्याची! अवं, मले असं वाटते म्हन ना. जीभ झिजते का तुई?" मीही हसले. पण आत कुठंतरी मला बरं वाटलं होतं. आपण एक पायरी वर चढून आलो आणि ही खालीच राहिली, असं काहीसं. इतकं स्पष्ट नव्हतं ते तेव्हा. आता मात्र अगदी स्पष्ट दिसतं.

तू कॉलेजात शिकवायला लागली होतीस, गजाननभाऊजींशी लग्न झालं होतं, फुलांचं दुकान चांगलं चाललं होतं. मी पुण्याची पदवी घेऊन बेकार बसले होते. अकोल्याच्या एका क्लासवाल्याशी भांडून तू मला तास मिळवून दिलेस. "पुण्याची हाय, भल्ली हुशार हाय," असं त्याला सांगितलंस. नोकरी लागेपर्यंत मी तुमच्याच घरी राहिले. सकाळी उठले की ओसरीवर ओल्या पोत्यांवर फुलांचे ढीग पडलेले असायचे आणि तुम्ही दोघं नवराबायको हार ओवत बसलेले. तू एका हातानं चहा प्यायचीस आणि मला ऑप्टिक्समधल्या शंका विचारायचीस. इतकं खाल्लं मी त्या घरचं, की पुढं मी जे बोलले ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, स्वतःवरच.

ते बोलणं सांगण्याआधी कामाचं सांगते. नाहीतर लोक म्हणतील, एका पट्टीसाठी ही बाई एवढी काय रडतेय.

तुझ्या घरी एका मे महिन्यात आपण कूलरसमोर बसलो होतो. बाहेर पंचेचाळीस. तू म्हणालीस, "खाली पंचेचाळीस, अन् वर?" मी सांगितलं की वर जावं तसं गार होत जातं, थेट सतरा किलोमीटरपर्यंत. तिथं उणे ऐंशीच्या आसपास. आणि तिथून पुढं उलटंच, गार होणं थांबतं आणि हवा पुन्हा गरम व्हायला लागते. शाळेच्या भूगोलात त्या वळणाला तपस्तब्धी म्हणतात, वरच्या थराला स्थितांबर म्हणतात आणि एका ओळीत विषय संपवतात. तुझा चहा हातातच राहिला. "म्हंजे आपल्या डोक्यावर बरफाची फॅक्टरी हाय, अन् आपण इथं कूलरमधी बादल्या ओतून राहिलो?"

मग तू सुटलीसच. हे मोजतात कसं? मी सांगितलं, फोनला रस्ता दाखवणारे उपग्रह असतात, त्यांचा रेडिओ संदेश दुसरा एक उपग्रह पृथ्वीच्या कडेआडून ऐकतो. वाटेत हवा लागते आणि संदेश किंचित वाकतो. किती वाकला त्यावरून कुठल्या उंचीवर किती तापमान ते काढता येतं. दुसऱ्या आठवड्यात तू वर्गात बादलीभर पाणी आणि तुरीची काडी नेऊन हे शिकवलंस. पाण्यात काडी वाकलेली दिसते, तसा तो संदेश वाकतो, म्हणून. पोरं अजून सांगतात. आणि हे सगळे आकडे कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. ना मोठी प्रयोगशाळा लागत, ना कुणाची शिफारस. म्हणून तर अमरावती-अकोल्याच्या दोन बायका त्यात पडल्या.

लहरींचं वेड मात्र तुझं स्वतःचं. मेळघाटावर उन्हाळ्याच्या शेवटी जे काळे ढग चढतात, ते चढत चढत त्या गार छताला जाऊन धडका देतात. ढग छताच्या पलीकडे फारसा जात नाही, पण त्याचा धक्का जातो. वरची हवा वरखाली हलत राहते, आणि जिथं हलते तिथं तापमान थोडं चढतं, थोडं उतरतं. उपग्रहाच्या आकड्यांत ही चढउतार दिसते. तीच लहर. त्या वर्षी वादळानं आणि गारपिटीनं तुझ्या बाबांची शेवंती झोपवली होती. सगळं घर डोक्याला हात लावून बसलं होतं आणि तू मला फोन केलास, "त्या वावधनानं आमचं वाटोळं केलं. आता त्यानं वर जाऊन काय दिवे लावले, थे तरी पाहू दे मले." रडत होतीस आणि रागातही होतीस. तुला ते खरंच पाहायचं होतं. लेख छापायचा, बढती मिळवायची, असलं काही तुझ्या मनात नव्हतं. त्या ढगाचा वरपर्यंत माग काढायचा होता.

मग आपले रविवार सुरू झाले. कधी तू बडनेऱ्याला उतरून रिक्षानं माझ्याकडे, कधी मी अकोल्याला. दोघींनाही कंटाळा आला की मधे मूर्तिजापूर स्टेशनच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडून बसायचो. तिथला चहावाला आपल्याला विमावाल्या बाया समजायचा. तूही त्याचा गैरसमज काढला नाहीस, उलट कुठली पॉलिसी घेऊ नकोस ते बजावून सांगितलंस.

प्रोग्राम मी लिहिला होता. काम साधं होतं. उंचीप्रमाणे तापमानाची जी वेडीवाकडी रेघ येते, तिची एक गुळगुळीत सरासरी रेघ काढायची, आणि पहिलीतून दुसरी वजा करायची. जे उरतं ती लहर. जास्त उरलं तिथं लाल. तू आकडे उतरवायचीस, प्रोग्राम चालवायचीस, चित्रं पाहत बसायचीस. पहिल्यांदा ती पट्टी आली तेव्हा तू मला तास चालू असताना फोन केलास. "शोभे, लाल! सारं लाल व!" स्टाफरूममध्ये सगळ्यांना गिलावडे खाऊ घातलेस. लेख छापून आला, त्यात तुझं नाव आधी आणि माझं नंतर. मीच तसा आग्रह धरला होता आणि तो माझा मोठेपणा आहे असं मला वाटायचं.

आता ते बोलणं.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. तू स्वेटर घालून, कापडी पिशवीत लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आलीस. दारातूनच बोलायला सुरुवात. "शोभे, मी थंडीचे दिवस टाकून पाह्यले. डिसेंबर, जानेवारी. ढगाचं नाव नाई, वाऱ्याचं नाव नाई, सारं आभाळ निवांत. अन् थे पट्टी तशीच! तिथंच! काहून?"

मी भाजी चिरत होते. म्हणाले, "डोंगरामुळे असेल. सातपुडा आहे ना. डोंगरावरून वारा गेला तरी लहर उठते."

"डोंगराची लहर एकदम त्याच उंचीवर? रोज? सरकत नाई, हालत नाई? लहर हाय का भिंत हाय थे?" तू माझ्यासमोर स्टुलावर बसलीस. "मले वाटते सरासरी काढताना काई होऊन राहिलं. त्या वळनापाशी."

म्हणजे तू बरोबर त्या जागेवर बोट ठेवलं होतंस. मी तिथं पाहायला हवं होतं. पण प्रोग्राम माझा होता, पुण्यात शिकलेली पद्धत होती, आणि तू मला माझ्याच स्वयंपाकघरात येऊन चूक दाखवत होतीस. मी सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, "मंदा, फुलं ओवण्याइतकं सोपं नसतं हे."

मंदा म्हणाले. मंदे नाही.

कायम तोंडाळ असलेली तू त्या वेळी भांडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "बरं. तू म्हनतं तर असंन." जेवलीस, भाजीला नावं ठेवलीस, संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. मला वाटलं, झालं, मिटलं. नंतर तू तो विषय कधी काढला नाहीस आणि मी म्हणाले, बघा, पटलं हिला.

तुझ्या पोटात गाठ निघाली, नागपूरच्या चकरा सुरू झाल्या. मी येत होते, डबे आणत होते, भाऊजींना बळेच झोपायला पाठवून तुझ्याजवळ बसत होते. त्याच काळात दिवाळीच्या सुट्टीत मी एक दिवस लॅपटॉप उघडला. का, ते माहीत नाही. कदाचित तुझी ती 'भिंत' डोक्यात राहिली होती. मी एक खोटी रेघ तयार केली. तिच्यात लहर अजिबात नव्हती. सरळ खाली येणारी आणि सतरा किलोमीटरवर टोकदार वळून परत फिरणारी, बास. ती प्रोग्राममध्ये घातली.

लाल पट्टी आली, मंदे. तीच, तिथंच.

इतकं सोपं होतं ते, की बारावीच्या पोराला कळावं. टोकदार कोपरा असलेल्या रेघेची गुळगुळीत सरासरी काढली की कोपरा गोल होतो. मग टोकदारातून गोल वजा केलं की त्या कोपऱ्यापाशी काहीतरी उरणारच. ते आपल्या हातानं उरवलेलं. त्याला आपण लहर म्हणत होतो, त्यावर गिलावडे वाटले होते. या विषयात काम करणारे लोक याच जागी ठेच लागते म्हणून सावध असतात. मी नव्हते, कारण मला वाटायचं मला येतं.

मी लॅपटॉप बंद केला. पुढं काही चालवून पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही. म्हटलं, ही पट्टी गेली की सगळंच गेलं, खाली काही राहणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला आले. तू उशीला टेकून बसली होतीस, डोक्याला रुमाल, समोर पेपर. म्हणालीस, "काय नवीन व?" मी म्हणाले, "काही नाही. औषध घेतलंस का?"

एवढी मोठी संधी होती. त्यानंतरही किती आल्या. एकदा तर तूच म्हणालीस, "मी बरी झाली का थे थंडीचे दिवस पुन्यांदा पाहू." मी म्हणाले, "पाहू." आणि तुझी चादर नीट करायला लागले. चादर नीटच होती.

मी स्वतःला समजावलं की आजारी माणसाला हे सांगू नये. तिनं एवढं मन लावलं त्यात, ते खोटं निघालं हे कळलं तर खचेल. जाताना तिला तिचं काम सोबत असू दे. बघ, किती गोंडस आहे ना ऐकायला? मी ते इतक्यांदा मनात म्हटलं की मला ते खरंच वाटायला लागलं. तू गेलीस तेव्हा मी रडले आणि त्या रडण्यात एक सुटकाही होती. आता सांगावं लागणार नाही, ही. लिहितानासुद्धा हात थांबतोय, पण होती.

आणि मग शोकसभा. ती संपल्यावर गजाननभाऊजी माझ्याजवळ आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. फ्लेक्सकडे पाहत म्हणाले, "शोभाताई, हे चित्र मी फ्रेम करून घरी लावतो म्हनलं. तिच्या फोटोच्या बाजूले. हे लाल म्हंजेच लहर ना?"

मी म्हणाले, "हो भाऊजी."

सभेत चारशे लोकांसमोर बोलण्यापेक्षा हे वाईट होतं. सभेत निदान माझा आवाज मोठा होता. इथं मी एका माणसाच्या तोंडावर, त्याच्या मेलेल्या बायकोबद्दल, हळू आवाजात खोटं बोलले. अमरावतीला परतताना गाडीत खिडकीशी जागा मिळाली तरी बाहेर पाहवेना. ते घरी खिळा ठोकतील, माझी चूक तुझ्या फोटोशेजारी टांगतील आणि रोज तिला हार घालतील, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

काल सकाळच्या गाडीनं पुन्हा गेले. तेरवी अजून व्हायची आहे, घरात पाहुणे आहेत. भाऊजी ओसरीवर बसून तुझ्या फोटोसाठी हार ओवत होते. तू गेल्यापासून तुझा हार ते दुसऱ्या कुणाला ओवू देत नाहीत म्हणे. मी खाली बसले आणि सांगून टाकलं. पट्टी खोटी आहे. प्रोग्राम माझा होता. मला दिवाळीपासून माहीत आहे. मी तिला सांगितलं नाही, तिला वाईट वाटेल म्हणून.

त्यांचा हात थांबला नाही. एक फूल, एक पान, एक फूल. मला वाटलं ते ऐकत नाहीत. मग म्हणाले, "ताई, मले लहर-बिहर काई समजत नाई. पन थे पट्टीत गडबड हाय, असं मंदा मले मागंच बोलली होती."

"कधी?"

"लय दिवस झाले. तुमच्याकडून आली होती थंडीत, तवा. म्हने शोभी ऐकत नाई. मी म्हटलं, मंग पुन्यांदा सांग. तर म्हने, जाऊ द्या, कोन भांडते तिच्याशी, पुन्हा फुलं ओवायचं काढंन थे." त्यांनी दोरा दातानं तोडला. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते फक्त तू काय म्हणालीस ते सांगत होते. मी समोर ओल्या पोत्यावर पडलेल्या शेवंतीकडे पाहत राहिले, कारण त्यांच्याकडे पाहणं शक्य नव्हतं.

मग त्यांनीच मान वर करून विचारलं, अगदी साधं, खरोखरच न समजून, "पन ताई, तिले वाईट कायले वाटलं असतं? तिचंच तर खरं निघालं ना? खूश झाली असती थे. साऱ्या अकोल्यात सांगत फिरली असती, शोभीले हरवलं म्हनून."

मंदे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. दिवाळीपासून आतापर्यंत एकदाही नाही. मी धरून चालले होते की पट्टी खोटी ठरली म्हणजे तू हरलीस. तू कुठं हरत होतीस? शंका तुझी होती. हरणार होते मी. तुझं मन जपते म्हणत मी माझा प्रोग्राम जपत बसले, माझं पुणं जपत बसले. तू आयुष्यात माझ्याशी शेकडो वाद घातलेस आणि प्रत्येक वेळी मी पुस्तकातला एखादा शब्द फेकून तुला गप्प केलं. हा एक वाद तू स्वच्छ जिंकली होतीस आणि तो निकाल मी दाबून ठेवला. तू नागपूरच्या त्या पलंगावर पडली होतीस, तोंडाची चव गेली होती, केस गेले होते, आणि तुला पोटभर हसवेल अशी एकच बातमी जगात होती. ती माझ्याजवळ होती.

भाऊजींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांनी आग्रहानं वाढलं आणि मी जेवले, कारण नाही म्हणायचा हक्क मला नव्हता. निघताना ते म्हणाले, "फ्रेम राहू द्या मंग. खरं निघंन थे द्या, थे लावू."

खरं निघेल ते. घरी आल्या आल्या मी प्रोग्राम पहिल्यापासून लिहायला घेतला. आज दुपारपर्यंत तोच घेऊन बसले होते. त्या वळणाखालची सरासरी वेगळी, वरची वेगळी, कोपऱ्याला हात लावायचा नाही. खोटी रेघ घालून पाहिली, काही उरलं नाही. मग तुझे थंडीचे दिवस घातले, डिसेंबर, जानेवारी. वळणापाशी कोरं. तू म्हणत होतीस तेच, अक्षरशः तेच. छापणाऱ्यांना लिहून कळवलं की लेखातली पट्टी चुकीची आहे, चूक माझी, आणि ही शंका मंदानं लेख छापल्यावर पहिल्याच हिवाळ्यात काढली होती, मी ती ऐकून घेतली नाही. तुझ्या प्राचार्यांनाही तेच लिहिलं, वर हेही, की मी परवा स्टेजवर खोटं बोलले. आता अकोल्यात माझी काय शोभा व्हायची ती होऊ दे.

हे सगळं झाल्यावर उन्हाळ्याचे दिवस राहिले होते. मेळघाटावर ढग चढले ते, गारा पडल्या ते. मी उठून पाणी प्याले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. त्यात काही नसेल तर तुझं सगळं आयुष्य मी कोऱ्या कागदावर घालवलं असं झालं असतं. शेवटी चालवला. सतरा किलोमीटरवर लाल काही नव्हतं. सगळं निळं. मी बंदच करणार होते.

मग वर पाहिलं. वळणाच्या बरंच वर, वीस किलोमीटरच्याही पुढं, एक फिकट पिवळी रेघ होती, तिच्यावर निळी, मग पुन्हा पिवळी. एखादा अंश वर, एखादा अंश खाली. इतकी पुसट की माझ्या त्या भडक पट्टीपुढं ती कधी कुणाच्या नजरेला पडलीच नसती. मी तिच्यावरही विश्वास ठेवला नाही. उलटसुलट तपासली, खोट्या रेघा घालून फसवायचा प्रयत्न केला. ती ढगांच्या दिवशी आहे. निवांत आभाळाच्या दिवशी नाही.

धक्का वर पोचतो, मंदे. ढग जिथं जाऊ शकत नाही तिथं पोचतो आणि हवा हलत राहते. हे तुला दिवाळीतच दिसलं असतं. तेव्हा तू बसू शकत होतीस, चष्मा लावून पेपर वाचत होतीस, लॅपटॉप मांडीवर घेतला असतास. त्याच पेपरवरून मान वर करून तू मला विचारलं होतंस, काय नवीन म्हणून. लहर खरी होती. मी तुला ती पाहू दिली नाही.